मदत हवी आहे: जुन्या फर्बीचे इन्फ्रारेड सिग्नल वाचायचे आहेत

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. आत्तेभावाच्या घरी माळ्यावर 1998 सालच्या मॉडेलची फर्बी (बोलणारं केसाळ खेळणं) सापडली. सेल बदलले, तर डोळे उघडून बोलायला लागली! लेकीला तिच्याशी गप्पा मारायच्या आहेत. दोन फर्बी समोरासमोर ठेवल्या की कपाळावरच्या इन्फ्रारेडने (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने) एकमेकींशी बोलतात. दुसरी मिळणं कठीण, म्हणून तिची जागा आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) द्यायचा विचार आहे.

सीताबर्डीतून टीएसओपी 1738 हा इन्फ्रारेड रिसीव्हर आणला. टीव्हीचा रिमोट त्यावर नीट वाचता येतो. एनईसी पद्धतीची (रिमोटच्या सिग्नलची एक ठरलेली रचना) सुरुवातीची 9 मिलिसेकंदांची पल्स, मग 4.5 चा गॅप, सगळं दिसतं. फर्बीचं मात्र काहीच येत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तिच्या कपाळावर जांभळट लुकलुक दिसते, म्हणजे ती पाठवते आहे हे नक्की. हा रिसीव्हर 38 किलोहर्ट्झवर धडधडणारा प्रकाशच ओळखतो, आणि फर्बी बहुधा अशा धडधडीशिवाय (म्हणजे कॅरियरशिवाय) नुसत्या छोट्या पल्स सोडत असावी, असा माझा अंदाज.

तसं असेल तर साधा फोटोट्रान्झिस्टर (कुठलाही प्रकाश ओळखणारा सुटा भाग) लावू का? उन्हाचा आणि ट्यूबलाइटचा गोंधळ कसा टाळायचा? खेळणं उघडायचं नाही, ती आत्याची आठवण आहे. नागपुरात कुणाकडे ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर मी फर्बी घेऊन येतो, फक्त अर्धा तास द्या.