मेन डोअरचा डेडबोल्ट निघतच नाहीये, घरी कोणी काढलाय का?

सिंहगडरोडवाला:
नमस्कार मंडळी, आमची बिल्डिंग १६ वर्षं जुनी आहे, मेन डोअरला नेहमीचा नाईट लॅच आणि त्याच्या वर बिल्डरने दिलेला गोल डेडबोल्ट, म्हणजे दाराच्या कडेतून चौकटीत जाड दांडा (बोल्ट) सरकवणारं कुलूप, बाहेरून चावी आणि आतून फिरवायचा नॉब. गेले दोन पावसाळे तो जड फिरत होता, आज बघू उद्या बघू करत राहिलो. परवा दुपारी आई घरात एकटी होती आणि तिला आतून तो उघडताच येईना. मी हिंजवडीला, बायको शाळेत. पाऊण तास ती आत अडकून होती, बीपीची गोळी घेतलेली, घाबरून गेली बिचारी. शेवटी शेजारच्या काकांनी बाहेरून दार जोरात स्वतःकडे ओढून धरलं तेव्हा आतून नॉब फिरला. आता तो डेडबोल्ट मला त्या दारावर नकोच आहे.

काल रात्री काढायला बसलो. आतल्या प्लेटचे दोन स्क्रू, एक निघाला, दुसऱ्याचं स्टारचं डोकं गोल झालं, स्क्रू ड्रायव्हर नुसता घसरतोय. दाराच्या कडेची पितळी पट्टी रंगाखाली गाडली गेलीय, कुठे पट्टी संपते आणि कुठे लाकूड सुरू होतं ते पण कळत नाही. डब्ल्यूडी फॉर्टीचा गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, काही फरक नाही. चावीवाल्याला बोलावलं तर तो म्हणतो तोडूनच काढावा लागेल, दाराची गॅरंटी नाही. दार सागाच्या व्हिनियरचं आहे, वडिलांनी आवडीने करून घेतलेलं, त्याला ओरखडा नकोय. काय करू?

धायरीकर:
आधी एक काम करा, बोल्ट आत घेऊन दार उघडं ठेवा आणि खाली पाचर मारा. काम पूर्ण होईपर्यंत दार लावूच नका. अर्धवट उघडलेल्या लॉकवर दार वाऱ्याने आपटलं आणि बोल्ट बाहेर आला तर घरचे आत आणि तुम्ही जिन्यात.

लाकूडकाम_आवड:
तोडायची काहीही गरज नाही, असे चार-पाच तरी काढलेत मी. लॉक आतून कसं असतं ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे भीती जाईल. तीन भाग असतात. बाहेरचा चावीचा सिलिंडर, कडेतून आत गेलेला बोल्ट आणि आतला नॉब. सिलिंडरच्या पाठीला एक चपटी पट्टी असते ती बोल्टच्या मधल्या खाचेतून नॉबपर्यंत येते, आणि आतून घातलेले ते दोन लांब स्क्रू सिलिंडरच्या दोन दांड्यांमधे बसतात. म्हणजे सगळं लॉक त्या दोन स्क्रूंवर आवळलेलं असतं, लाकडाला त्यांचा संबंधच नाही.

आता तुमचा गोल झालेला स्क्रू. आधी त्याच्या खाचेतला रंग दाभणाने किंवा कटरच्या टोकाने कोरून काढा, बहुतेक वेळा डोकं तेवढं खराब नसतं, खाच रंगाने भरलेली असते त्यामुळे ड्रायव्हर खोल बसत नाही. मग दोन नंबरचा स्टार बिट घ्या, घरात असतो तो बारका नको. बिट खाचेत ठेवून मागून हातोडीचे तीन-चार छोटे ठोके द्या, गंज तिथेच सुटतो. आणि एकदम उलटा फिरवू नका, आधी केसभर आवळायचा मग सोडायचा, आणि अंगाचा भार टाकून, नुसतं मनगटाने नाही. तरी घसरला तर सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा मधे ठेवा. सोल्डरिंग गन असेल तर दोन मिनिटं डोक्यावर टेकवून गरम करा, त्याने पण सुटतो, पण तुम्ही स्प्रे मारलाय ना, तो पेट घेऊ शकतो, म्हणून आधी नीट पुसून, वाळू देऊन मगच, आणि व्हिनियरपासून लांब.

हे सगळं फसलं तरच ड्रिल. आधी ३ एमएमने डोक्याच्या बरोबर मधोमध, मग स्क्रूच्या दांडीपेक्षा थोडा जाड बिट. डोकं तुटून पडलं की आतली प्लेट हातात येते आणि सिलिंडर उरलेल्या स्क्रूसकट बाहेरच्या बाजूने सरळ ओढून निघतो. प्लेटच्या भोवती मास्किंग टेप लावून घ्या, ड्रिल घसरला तर टेपवर जाईल.

कडेच्या पट्टीला मात्र घाई नको. पटाशी घालून उचकटायला जाऊ नका, व्हिनियरची कड तिथेच फाटते. नवीन ब्लेड लावून पट्टीच्या चारी बाजूंनी रंग कापा, हलक्या हाताने दोन-तीनदा, मग तिचे दोन स्क्रू काढा. सिलिंडर निघालेला असेलच, तर मोठ्या भोकातून बोल्टच्या खाचेत चपटा ड्रायव्हर घालून फिरवा, बोल्ट बाहेर येईल, आता त्याला ग्रिप पक्कडीत धरून सरळ ओढायचं. मीही पहिल्यांदा केलं तेव्हा दहा मिनिटं नुसता धरून हलवत होतो, मग एकदम रंगाचा कट्‌ आवाज झाला आणि आख्खा नळा बाहेर.

पेठेतली_मी:
सगळं बरोबर आहे, पण मला काकांनी दार ओढलं तेव्हा नॉब फिरला हे फार महत्त्वाचं वाटतंय. म्हणजे लॉक बिघडलंच नसेल, बोल्ट ज्या भोकात जातो त्या चौकटीवरच्या पट्टीत तो दाबला जात असेल. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच, म्हणून दार रुंदीला भरतं आणि चौकटीला घासतं. त्यात वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार खाली बसतं, मग बोल्ट भोकाच्या खालच्या कडेवर. नुसतं नवीन लॉक लावलंत तर पुढच्या जुलैत परत तेच होणार. बोल्टच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावा, दार लोटून नॉब फिरवा, चौकटीवर कुठे डाग पडतो ते दिसेल, तेवढीच पट्टी कानशीने घासायची, बोल्ट नाही घासायचा.

अजून एक, कोणी कुलपात खोबरेल घातलं असेल तर सांगा. आमच्याकडे आजी घालायच्या. डिसेंबरात बाटलीत गोठतं तसंच ते कुलपातही गोठतं, आणि एरवी धूळ धरून काळा चिकटा होतो. डब्ल्यूडी फॉर्टी पण मुळात पाणी हटवायला १९५३ साली बनवलेलं आहे, गंज सोडवायला चांगलं, कायमचं वंगण म्हणून नाही. सिलिंडरमधे ग्रॅफाइटची पावडर, नाहीतर मऊ पेन्सिलचं शिसं चावीवर घासून चावी चार वेळा आतबाहेर करायची.

लाकूडकाम_आवड:
एकदम बरोबर, हे माझ्या लक्षातच नाही आलं.

सिंहगडरोडवाला:
मंडळी, निघाला! स्क्रू ठोके देऊनच सुटला, ड्रिल लागलाच नाही. खाचेतून खरंच तीन थर रंग निघाला, पांढरा, मग पिवळट, मग मूळ चॉकलेटी. पट्टी ब्लेडने सुटायला तासभर लागला पण व्हिनियरला काही झालं नाही.

खडू लावून पाहिला तर डाग बरोबर खालच्या कडेवर, आणि वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. ते काढून भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि लांब स्क्रू मारले. आणि चौकटीतलं भोक मोजलं तर १८ एमएम खोल, बोल्ट बाहेर येतो २५ एमएम. म्हणजे इतकी वर्षं तो पूर्ण बाहेर येतच नव्हता, आई नॉब शेवटपर्यंत फिरवायला जोर लावायची आणि तो तिथेच आवळून बसायचा. आम्ही तिलाच म्हणायचो की तुला नीट फिरवता येत नाही. त्याचं फार वाईट वाटतंय.

आता भोक आहेच तर नवीन बसवू म्हणतोय, काय माप सांगू दुकानात?

लाकूडकाम_आवड:
जुना बोल्ट खिशात घालूनच बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा, ६० किंवा ७० एमएम असतं, दोन्हीला जुळणारे बोल्ट पण मिळतात. मोठं भोक बहुतेक ५४ आणि कडेचं २५ असेल, दाराची जाडी पण लिहून न्या. आणि चौकटीतलं भोक आधी ३० पर्यंत खोल करा.

पेठेतली_मी:
आणि आतून नॉबच असलेला घ्या, दोन्हीकडून चावीचा अजिबात नको. गॅस लीक झाला किंवा आग लागली तर आई चावी कुठे शोधत बसणार. नॉब मोठा, पंखासारखा चपटा मिळतो, बोटं दुखत असतील तरी तळहाताने फिरतो. दुकानात त्यांनाच घेऊन जा आणि त्यांच्याच हाताने फिरवून बघा.

सिंहगडरोडवाला:
रविवारी आईला घेऊनच जातो. तोपर्यंत भोकात कापडाचा बोळा आणि फक्त लॅच.