अ‍ॅपमधला हिरवा चेहरा आणि माझ्या पांढऱ्या पेशी

जुनाट_पोट (मूळ धागा)

परवा इथे एकाने "आयबीडी आता तुमच्या मुठीत" अशी पोस्ट टाकली (आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज येत राहणं; युसी आणि क्रोन्स हे त्याचे दोन मुख्य प्रकार). रोज 2 मिनिटं अ‍ॅपमध्ये नोंद करा, डॉक्टरच्या फेऱ्या वाचवा, फ्लेअर (आजार पुन्हा उसळणं) येण्याआधीच ओळखा, वगैरे. खाली बदामांचा पाऊस. मला 11 वर्षं युसी आहे, म्हणजे मोठ्या आतड्यातली सूज. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

नोंदी मीही केल्यात. सलग 14 महिने. किती वेळा गेलो, रक्त होतं का, ब्रिस्टल चार्टवरचा (शौच घट्ट की पातळ ते सांगणारा तक्ता) कितवा प्रकार, पोट किती दुखलं 0 ते 10. संडासातून बाहेर पडायच्या आत फोन थरथरायचा, "आजची नोंद राहिली!" बायको म्हणायची, आधी हात धू.

मग अ‍ॅझाथायोप्रिन सुरू झालं, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. पोट झकास, अ‍ॅपमध्ये ओळीने हिरवे हसरे चेहरे. तिने पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची होती ती ढकलत राहिलो, सगळं हिरवंच होतं ना! शेवटी बायकोने ओढत नेलं. डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, 2100. फारच कमी. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गोळी बंद केली. आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅप म्हणतंय, "छान! असंच चालू ठेवा."

त्या पोस्टीत "हॉलंडमध्ये सिद्ध झालंय" असंही ठोकून दिलंय. झालंय की. 2017 साली लॅन्सेटमध्ये आलंय. 909 पेशंट, एक वर्ष. मायआयबीडीकोच ही तिथली ऑनलाइन नोंदींची सोय वापरणाऱ्यांच्या ओपीडीच्या फेऱ्या सरासरी 1.55, बाकीच्यांच्या 2.34. अ‍ॅडमिट होणंही निम्म्यावर. पण त्या स्क्रीनच्या पलीकडे हॉस्पिटलची नर्स होती. लाल दिवा लागला की ती पेशंटशी बोलायची. आपल्याकडे लाल दिवा कुणाला दिसतो? मलाच. "कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा." अरे बाबा, तेच तर जमत नाही!

मांजराकाठची

सीबीसी ढकलली कुणी? अ‍ॅपने? स्वतःचा आळस फोनच्या माथी मारू नका.

मी लातूरकडची, क्रोन्स. इन्फ्लिक्सिमॅब (सूज आवरणारं औषध, शिरेतून देतात) दर 8 आठवड्यांनी, पुण्यात. रात्रीची ट्रॅव्हल्स, तीही उपाशीपोटी, कारण गाडी वाटेत थांबेल याचा भरवसा नाही. एवढं करून डॉक्टरांसमोर मिळतात 6-7 मिनिटं. "कसं आहे?" "बरंय." "चालू ठेवा." वर्षभर हेच.

मग भावाने फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. तीन डोस झाल्यावर आलेख बघितला. सहाव्या आठवड्यापर्यंत रेघ सपाट आणि पुढे जिना चढल्यासारखी. तिन्ही वेळा! मी आपली कधी जागरणाला दोष देत होते, कधी नणंदेच्या लग्नातल्या जेवणाला. फोन डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी रेघ मोठी करून पाहिली आणि औषधाची रक्तातली पातळी मागवली. कमी निघाली. आता डोस 6 आठवड्यांनी. खर्च वाढला, ते रडगाणं वेगळं.

मला हॉलंडची नर्स नको. त्या 6 मिनिटांत दाखवायला काहीतरी हवं होतं, ते मिळालं.

शंभरपानी_वही

ताई, हे कॅलेंडरवर फुल्या मारूनही दिसलं असतं. माझ्या वडिलांच्या वह्या आहेत, 2009 पासूनच्या. चार्जिंग लागत नाही.

आणि अ‍ॅपचं एवढं कौतुक असेल तर त्याला आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांतला फरक विचारा. वडिलांना आधी 6 महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली, बायोप्सीत नक्की काही कळेना म्हणून. त्या 6 महिन्यांत आतडं अरुंद झालं ते झालंच. तेव्हा कुठे होता तुमचा आलेख?

मांजराकाठची

2009 साली माझ्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता, दादा. टीबीचा विषय इथे कुठून आला?

खिचडीत_तूप

अ‍ॅपवाल्यांनी आधी खाण्याची यादी नीट करावी. क्विनोआ आहे, केल आहे, भगर नाही. "ज्वारीची भाकरी" टाकलं तर "टॉर्टिया म्हणायचं आहे का?" असं विचारतं. मेल्या, टॉर्टिया खाल्ला असता तर इथे कशाला आले असते? आमच्याकडे ताक चालतं की नाही यावर सासूबाई आणि डायटिशियन यांचं तीन वर्षं युद्ध चालू आहे. अ‍ॅप तटस्थ.

जुनाट_पोट

@मांजराकाठची, तुमचं भलं झालं, आनंद आहे. पण एकीचं भलं म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेत टेलि-आयबीडी नावाची चाचणी झाली, 2019 साली निकाल आले. 348 पेशंट, मोबाइलवर मेसेज पाठवून नोंदी घ्यायचे. आजाराच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडला नाही. आणि लक्षणांवरून आतली सूज कळत नाही, विशेषतः क्रोन्समध्ये. त्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी लागते, तिचे पैसे अ‍ॅप भरत नाही.

मांजराकाठची

तुमची डब्ल्यूबीसी हा पुरावा आणि माझा आलेख हा किस्सा? वा!

लोकल_8_12

तुमचं चालू द्या. मला एकच अ‍ॅप हवंय, संडास शोधून देणारं. युसी, डोंबिवली ते सीएसएमटी, सव्वा तास, आणि लोकलला संडास नाही. ठाण्यापर्यंत कसंबसं धरायचं आणि फलाटावर उडी टाकायची. तसलंही अ‍ॅप वापरून पाहिलं. एका एसटी स्टँडबाहेर नकाशावर निळा ठिपका, चार तारे. धावत गेलो. कुलूप. किल्ली समोरच्या पानवाल्याकडे. पानवाला जेवायला गेलेला.

पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून बॅगेत पँट असते.

खिचडीत_तूप

निदान किल्ली तरी होती. बायकांच्या बाजूला स्टोअर रूम केलेली असते, आत झाडू आणि निवडणुकीचे फलक. आणि पैसे आमच्याकडूनच. मुंबईत राइट टू पीवाल्या (बायकांना फुकट, स्वच्छ मुताऱ्या मागणाऱ्या चळवळीतल्या) बायका 2011 पासून हेच ओरडतायत. पुरुषांना काय, भिंत आहे.

लोकल_8_12

आयबीडीत भिंतीचा काय उपयोग, बाई? विषय काय, बोलताय काय!

खिचडीत_तूप

बाई म्हणायचं काम नाही. तुम्ही पँट बदलू शकता, मी साडीत काय करू ते सांगा आधी.

लोकल_8_12

बरं. चुकलं. साडीचं डोक्यात आलं नव्हतं.

शंभरपानी_वही

इलिनॉयमध्ये 2005 साली यासाठी कायदाच झाला. क्रोन्स असलेल्या मुलीला दुकानात संडास वापरू दिला नाही, त्यावरून. असा आजार असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानांनी कर्मचाऱ्यांचा संडास वापरू द्यायचा. ब्रिटनमध्ये पेशंटची संघटना कार्ड देते, दाखवायचं आणि आत जायचं. आपल्याकडे 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात आपण नाही. दिसायला धडधाकट ना!

आपल्या रेल्वेतही संडास आले ते 1909 साली ओखिलचंद्र सेन नावाच्या गृहस्थांनी लिहिलेल्या तक्रारीमुळे, असं सांगतात. फणस खाऊन पोट फुगलं, खाली उतरले, गाडी सुटली. एक पत्र लिहिलं. अ‍ॅप नव्हतं!

जुनाट_पोट

धागा आयबीडीच्या अ‍ॅपवर आहे, रेल्वेच्या इतिहासावर नाही.

लोकल_8_12

संडास हा आयबीडीचा इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र आहे. तुमचं अ‍ॅप विचारतं "किती वेळा गेलात?" कुठे जायचं ते सांगत नाही. मी नोकरी बदलली, पगार कमी घेतला, कारण नव्या ऑफिसात संडास माझ्या खुर्चीपासून 12 पावलांवर आहे. मोजलीत.

मांजराकाठची

हे मात्र 100 टक्के पटलं. मी दर डोसला उपाशी का जाते वाटतं? ट्रॅव्हल्सवाल्याला गाडी थांबवायला सांगितलं तर म्हणतो, "ताई, ढाब्यावर." ढाबा दीड तासावर. मागच्या वेळी सगळ्या गाडीसमोर सांगावं लागलं काय होतंय ते. थांबवली मग. एक आजोबा खाली उतरून पाठ करून उभे राहिले आणि शाल धरली.

जुनाट_पोट

...

बरं. यावर काय बोलणार.

तुमच्या सहाव्या आठवड्याबद्दल एक विचारायचं होतं. माझा भाऊ अ‍ॅडालिमुमॅबवर (तुमच्यासारखंच औषध, पण इंजेक्शन) आहे, दर 15 दिवसांनी. शेवटचे तीन-चार दिवस कुरकुरतो. आम्ही त्याला "नाटकं करतोस" म्हणतो. नोंद ठेवावी म्हणतोय. वहीत!

मांजराकाठची

वहीत तर वहीत. फक्त "नाटकं" हा रकाना ठेवू नका. आणि तुमची सीबीसी झाली का या महिन्यात?

जुनाट_पोट

सोमवारी जातोय.

मांजराकाठची

फोनमध्ये रिमाइंडर लावा.

जुनाट_पोट

लावलाय. हसू नका.

खिचडीत_तूप

@लोकल_8_12, तो स्टँड कुठला ते नको, पण पानवाला किती ते किती जेवायला जातो? पुढच्या आठवड्यात माझी त्या बाजूला फेरी आहे बहुतेक.