पेंटिंगला भेगा पडल्यात, वरून सुकलंय पण आतून मऊ! काय करू?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. ॲक्रिलिक सोडून ऑइलकडे येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालंय, रत्नागिरीत माझ्या ओळखीचं विचारायला कोणी नाही म्हणून इथे लिहितेय. आजीचं पोर्ट्रेट करतेय, २४ बाय ३० इंची कॅनव्हास, नऊवारीत माजघराच्या दारात बसलेली. मागचा अंधार आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन क्रिमसन मिसळून चांगला जाड लावला, चमक हवी होती म्हणून जवसाचं तेलही बऱ्यापैकी घातलं. आठ दिवसांनी बोट लावून बघितलं तर हाताला काही लागलं नाही, मग त्यावर दाराची चौकट बर्न्ट अंबरने टर्पेंटाइनमध्ये पातळ करून काढली. आता महिना झाला. चौकटीवर केसाएवढ्या भेगा पडल्यात आणि नख टोचलं की खालचा काळा रंग अजून लोण्यासारखा. आजीच्या केसांतला टायटॅनियम व्हाइट तर अजून बोटाला लागतो. पाऊस थांबायचं नाव नाही, खिडक्या बंदच असतात. एक जण म्हणाला शेगडीजवळ ठेव, दुसरा म्हणतो वार्निश मार, भेगा बुजतील. आजी आता नाहीये, मला हे चित्र वाया जाऊ द्यायचं नाहीये.

जुना_ईझल:
ताई, वार्निश आत्ता अजिबात नको आणि शेगडीजवळ तर मुळीच नको. ऑइल कलर सुकतो असं आपण म्हणतो खरं पण ओले कपडे वाळतात तसं ते नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे त्याला खेळती हवा आणि उजेड लागतो. आणि प्रत्येक पिगमेंटची, म्हणजे रंगद्रव्याची, चाल वेगळी. अंबरमध्ये मुळातच मँगनीज असतं, ते ड्रायरचं, म्हणजे तेल लवकर घट्ट करायचं, काम करतं, म्हणून तो दोन-तीन दिवसांत कोरडा. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन सगळ्यात सावकाश. तुमच्याकडे सावकाश सुकणारा, जाड, तेलकट थर खाली गेला आणि झटपट सुकणारा पातळ थर वर, वरचा कडक झाला, खालचा अजून हलतोय, मग वरचा फाटणारच. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे, हा नियम मी ३० वर्षं पाळतोय तो ह्यासाठीच.
व्हाइटची काळजी करू नका. बऱ्याच कंपन्या तो करडईच्या तेलात घोटतात, पिवळेपणा कमी येतो पण सुकायला वेळ जास्त लागतो. तो सुकेल.
दोन गोष्टी सांगा, तेल कुठून आणलं? आणि अलिझरीनच्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय कोड आहे?

खाडीकाठ:
तेल हार्डवेअरच्या दुकानातलं, दारंखिडक्यांना लावतात ते, डब्यावर डबल बॉइल्ड लिहिलंय 😟 ट्यूबवर पीआर ८३ आहे. ह्यातही काही चुकलं का?

किरमिजी:
पीआर ८३ (पीआर म्हणजे पिगमेंट रेड, पुढचा आकडा त्या रंगद्रव्याचा नंबर) वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. हा खरा अलिझरीन, मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळ्यांतून पूर्वी जो लाल काढायचे तोच, १८६८ पासून प्रयोगशाळेत बनवता येतो. रंग इतका देखणा की सोडवत नाही. पण उजेडात उडतो, पांढऱ्यात मिसळून पातळ लावला तर जास्तच. मी आईच्या साडीचा गुलाबी त्याने केला होता, चित्र खिडकीसमोर टांगलं, सात वर्षांनी साफसफाई करताना फ्रेम काढली तर फ्रेमच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी होती तशीच गुलाबी आणि बाकी सगळी साडी मातकट. त्या दिवशी मी खूप रडले. व्हॅन गॉगच्या १८८८ च्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात ना, त्या त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या, त्यातला लाल उडून गेलाय. आजीच्या नऊवारीत हा रंग वापरला असेल तर आत्ताच बदला. पीआर १७७ घ्या, सावली जवळपास तीच आणि टिकतो कितीतरी जास्त. ट्यूबवरचं नाव वाचू नका, कोड वाचा.

जुना_ईझल:
किरमिजीताईंशी शंभर टक्के सहमत. आता तेलाचं. बॉइल्ड तेलात ड्रायर घातलेले असतात, त्यामुळे दुधावर साय धरावी तशी वर पटकन साय धरते आणि आत कच्चं राहतं. तुमच्या बोटाला ती साय लागली. पुढे ते काळपटही पडतं, चित्रासाठी रिफाइंड जवस तेल आर्टच्या दुकानातूनच घ्या.
चेहऱ्याला हात लावू नका, तो चांगला असेल तर राहू दे. फक्त मागचा अंधार आणि चौकट पॅलेट नाइफने हलक्या हाताने खरवडून काढा, मऊ आहे तोवरच सोपं जाईल. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून पातळ थर द्या, तेल न घालता. काळ्यापेक्षा खोल अंधार मिळतो. तो नीट सुकला की वरचा थर थोड्या तेलाने. वार्निशचा विचार किमान सहा महिन्यांनी.
आणि ती तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

खाडीकाठ:
काल रात्री खरवडलं. हात थरथरत होता. चौकटीची साल अख्खी निघाली आणि खाली काळा लगदा, वास अजून ताज्या तेलाचा. आजीच्या कानाजवळ नाइफ सोडून कापसाने पुसलं. नऊवारी सुदैवाने कॅडमियम रेडची आहे, अलिझरीन फक्त निऱ्यांच्या सावलीत आहे, ट्यूब आली की ते बदलते. खिडकी दिवसा उघडी ठेवतेय, पावसाचे शिंतोडे येतात म्हणून चित्र आतल्या भिंतीला लावलंय. अंबर-अल्ट्रामरीनचा पहिला थर आज सकाळी दिला.