औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याशेजारी राहतो, आता आणखी दोन वीजसंच येणार. पर्यावरणाच्या जनसुनावणीत काय बोलू?

वाळवणवाली:
विदर्भातलं गाव आमचं. गच्चीवरून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. राखेचा बंधारा दिसत नाही, पण वारा सुटला की तोच घरात येतो. परवा कुरडया घातल्या, तासाभरात वर करडा थर. सासूबाई म्हणाल्या, झटकून घे. झटकल्या तर मोडल्या.

आता त्याच आवारात नवे दोन संच. म्हणे जमीन आहे, पाणी आहे, कोळशाची रेल्वेलाइन आहे, इथेच सोयीचं. म्हणजे आधी सोसलं त्यांनीच पुढेही सोसायचं! दीर तिथेच कंत्राटी आहे, म्हणून घरात "तू गप बस" चाललंय. बोलले तर काय बोलू?

सातबारा:
ताई, ग्रामपंचायतीत प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या मसुदा अहवालाचा मराठी सारांश मागा. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तो मिळायलाच हवा, सुनावणीची नोटीसही किमान ३० दिवस आधी. हवेची मोजणी कोणत्या महिन्यांत केली ते बघा. बहुतेकदा एकाच हंगामाची असते. तुमच्या वाऱ्याचे महिने त्यात नसतील तर तेच बोला. आणि बहिष्काराच्या नादी लागू नका. गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही, रिकाम्या मंडपातही सुनावणी झालीच म्हणतात.

निवृत्त फिटर:
राख विभागात आयुष्य गेलं माझं. आपल्याकडचा कोळसा शंभर टन जाळला की पस्तीस-चाळीस टन राख उरते. "प्रदूषण होतं" म्हणाल तर "नोंद घेतली" म्हणतील, संपलं. त्यापेक्षा विचारा: जुन्या तळ्यात आज किती टन पडून आहे, कधी उचलणार, आणि नव्या संचांची कुठे टाकणार? राखेच्या वापराबाबतच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत जुनी राख उचलायचंही बंधन आहे. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला, राख शेतात गेली. आपल्या बंधाऱ्याची तपासणी शेवटची कधी झाली, हेही विचारा.

सातबारा:
दिराची अडचण असेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. बोललात तर शेवटपर्यंत थांबा. इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच मराठीत वाचून दाखवावा लागतो. तुमचा मुद्दा गाळला तर लगेच हात वर करा, चित्रीकरण चालू असतं.

वाळवणवाली:
सारांश मिळाला. हवेची मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारी, आमच्या वाऱ्याचे महिनेच नाहीत! सासूबाईंना वाचून दाखवलं. मोडलेल्या कुरडयांचा डबा त्यांनीच काढून ठेवलाय, म्हणतात घेऊन जा.