मदत हवी आहे: बंड्या उठतच नाही, सोडवावं का त्याला?

रानजाई
घाईत लिहितेय. आमचा म्हातारा कुत्रा बंड्या बारा दिवस नीट उभा राहत नाहीये. मागचे पाय घसरतात, चार पावलं टाकून बसतो. रात्रभर धापा टाकतो, मध्येच उठायला जातो आणि आपटतो. खाणं जवळजवळ बंद, कालपासून उलट्या. मी आणि बाबा आळीपाळीनं जागतोय. बाबा म्हणतात, त्याचे हाल बघवत नाहीत, सोडवा त्याला. भाऊ म्हणतो, शेपटी हलवतोय तोवर हा विषयही काढू नकोस. कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायची वेळ झालीये का, एवढंच कुणीतरी स्पष्ट सांगा. "मनाचं ऐका" असं कृपया लिहू नका. मनाला काही कळेनासं झालंय.

पायरव
वय, जात, वजन? आजार काय निघालाय? शेवटचं रक्त कधी तपासलं? कुठली औषधं चालू आहेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे कळल्याशिवाय हो किंवा नाही कसं सांगणार?

जुनंखोड
एकाएकी झालं की हळूहळू? मान एका बाजूला कलली आहे का? बुबुळं झटके दिल्यासारखी आडवी हलतात का? आमची म्हातारी कुत्री एका सकाळी अशीच कोलमडली. सगळे म्हणाले अर्धांगवायू, आणि आम्ही इंजेक्शनला तयारही झालो होतो. डॉक्टरच म्हणाले, थोडं थांबा. आतल्या कानाचा तोल बिघडला होता, व्हेस्टिब्युलर म्हणतात त्याला. तीन दिवसांत मान वर धरायला लागली, पुढे दीड वर्ष जगली. म्हणून आधी हे विचारतोय.

रानजाई
नाही, मान सरळ आहे. लॅब्रेडॉर, १३ वर्षांचा. सांध्यांचं दुखणं तीन वर्षांपासून, आणि किडनीचंही आहे. हे सगळं डॉक्टरांना माहीत आहे हो. मी निर्णयाचं विचारतेय.

चांदणवेल
आधी फरशीवर चटया टाका, मग बाकीचं. गुळगुळीत फरशीवर म्हातारं कुत्रं पडायच्या भीतीनंच उठत नाही. उठवताना मोठा टॉवेल पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरा. पंजांमधले केस कापा, नखंही. आमच्याकडे एवढ्यानं जमीन-अस्मानाचा फरक पडला.

उत्तरायण
जीव द्यायचा-घ्यायचा अधिकार आपला नाही. प्राण्याला कळतं कधी जायचं ते. कोपरा धरून शांतपणे जातो तो. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

पायरव
उत्तरायण, शांतपणे जाणारे थोडे असतात. किडनी निकामी होते तेव्हा सतत मळमळतं, तोंडात व्रण पडतात, शेवटी झटकेही येऊ शकतात. मी हे पाहिलंय. मीही "त्याच्या वाटेनं" म्हणत थांबले होते, आणि त्या दोन रात्रींचं मला आजही वाईट वाटतं.

उत्तरायण
तुमचा अनुभव तुमच्यापाशी. माझे तीन कुत्रे घरीच गेले, मांडीवर.

पायरव
त्यांचं दुखणं कमी होतं म्हणून. सगळ्यांना एकच माप लावू नका.

डोंगरवाट
सांध्यांसाठी महिन्यातून एकदा द्यायचं नवीन इंजेक्शन आहे, बेडिनव्हेटमॅब. आमची १२ वर्षांची दुसऱ्या आठवड्यात जिना चढली. तेच घ्या, बाकी गोळ्या बंद करा.

जुनंखोड
बाकी गोळ्या बंद करा असं परस्पर कसं सांगता? त्याला काय चालू आहे तेच अजून कुणाला माहीत नाही.

कवडसा
माझी मांजरही दोन दिवस खात नाहीये, तिलाही किडनीच असेल का? वेगळा धागा काढू का?

पायरव
वेगळा काढा, पण मांजर दोन दिवस उपाशी असेल तर धाग्याआधी डॉक्टर. उपाशी राहिल्यानं मांजराच्या यकृतावर चरबी साठते.
रानजाई, परत विचारते. क्रिएटिनिन किती, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतो तो आकडा? औषधं कोणती? शीचा रंग कसा आहे?

रानजाई
चार महिन्यांपूर्वी ३.१ होतं. वजन तेव्हा ३१ किलो. औषधं म्हणजे सांध्यांची पावडर, लोहाचं टॉनिक. शी काळी होते, पण ती टॉनिकमुळे. आणि दुखतं म्हणून बाबांच्या गुडघ्याची अर्धी गोळी रात्री देतोय. दोन आठवडे झाले असतील. त्यानं आधी जरा बरं वाटलं होतं त्याला.

पायरव
कुठली गोळी? पाकिटावरचं नाव लिहा. आत्ता.

रानजाई
डायक्लोफिनॅक.

पायरव
ती ताबडतोब बंद करा आणि आजच डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. जाताना पाकीट बरोबर घ्या. माणसांच्या या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, आतून रक्त जातं, किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्याची किडनी आधीच अधू आहे. शी डांबरासारखी चिकट आहे का? लोहानंही शी काळी होते, म्हणूनच हे लपून राहतं. ओठ वर करून हिरड्या बघा. फिकट असतील तर वाटेतूनच फोन करा.

जुनंखोड
ताई, आणि हेही सांगा की गोळी कधी सुरू केली, किती दिवस दिली. स्टेरॉइड दिलं असेल तर तेही. ही दोन एकत्र पोटात गेली तर जठराला भोकच पडू शकतं. लाजून काही लपवू नका. डॉक्टरांना रोज असं ऐकावं लागतं.
तुमचे बारा दिवस आणि गोळीचे दोन आठवडे जुळतायत. म्हणजे तुम्ही ज्याला शेवट समजताय त्यातला काही भाग म्हातारपणाचा नसेलही. आज निर्णय घेऊ नका.

डोंगरवाट
मी गोळ्या बंद करा म्हटलं होतंच की.

चांदणवेल
ते कारण वेगळं होतं. जाऊ दे आता, तिला जाऊ द्या आधी.

रानजाई (पाच दिवसांनी)
उशिरा लिहितेय, माफ करा. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. क्रिएटिनिन ५.८. चार दिवस सलाईन, उलटीचं औषध, जठरासाठी औषध. डॉक्टर म्हणाले, गोळीनं किती झालं आणि मूळ आजार किती वाढला ते नेमकं वेगळं काढता येणार नाही, पण रक्त आतूनच जात होतं. काल ४.२ आलं. काल रात्री त्यानं हातातून चार घास घेतले आणि सलग पाच तास झोपला. धाप नव्हती.
मागचे पाय आहेत तसेच आहेत. दुखण्यावर आता गॅबापेंटिन आहे, किडनी बघून कमी मात्रेत. फार महिने धरू नका असंही सांगितलंय.
बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. गोळी त्यांनी पाकिटातून काढून अर्धी करून ठेवलेली असायची, रोज, स्वतःची घ्यायच्या आधी. आता रात्री त्याच्याजवळ जमिनीवरच झोपतात.
माझा प्रश्न तोच आहे, फक्त आजचा नाही. पुढच्या वेळी ओळखायचं कसं?

जुनंखोड
डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांची एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर चाललंय ते चालू ठेवायला हरकत नाही. तुम्ही, बाबा आणि भाऊ, तिघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग एकमेकांचे बघा. आमच्या घरात भांडण त्यानंच थांबलं. वेदनेत श्वासही धरतात. त्याला श्वास घेणंच जड झालं तर बेरीज करत बसू नका.

पायरव
शेपटीवर जाऊ नका, एवढं भावाला सांगा. दुखत असतानाही तुम्ही दिसलात की ते शेपटी हलवतात.
आणि तो दिवस आलाच तर आधी गुंगीचं इंजेक्शन मागा. मग शिरेतून भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटतो, लघवी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरले आणि त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. तुम्ही काढू नका.

उत्तरायण
मत माझं बदललेलं नाही. पण बाबा त्याच्याजवळ झोपतात हे वाचून बरं वाटलं. कूस बदलून देत जा दर तीन-चार तासांनी, एका अंगावर राहिला तर जखमा होतात.

रानजाई
कूस बदलतोय. चटया टाकल्या, दारापर्यंत. तिघांनी गुण दिले आज. माझे ४१, भावाचे ४६, बाबांचे ३७. बाबांचा कागद फ्रिजवर लावलाय, तारीख घालून. पुढच्या रविवारी परत देणार आहोत.