एंडोस्कोपिक सोनोग्राफीला नागपूरला जाण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न असा की गडचिरोलीत सोनोग्राफी नॉर्मल आली, कावीळ मात्र आहे, मग नागपूरला पुन्हा सोनोग्राफी कशाला? पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आतड्यातला गॅस आडवा येतो, त्यामुळे पित्तनळीचं खालचं टोक नीट दिसत नाही. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत प्रोब (सोनोग्राफीचं यंत्र) तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीच्या टोकावर असतो आणि ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, नळीला जवळपास चिकटूनच बघतो. ३-४ मिमीचा खडाही सापडतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत पित्ताचे खडे जास्त होतात, म्हणून आपल्याकडे हे महत्त्वाचं.

पण या तपासणीत खडा फक्त दिसतो. काढायला ईआरसीपी लागते, म्हणजे दुर्बिणीतूनच पित्तनळीत शिरून खडा काढणं. दोन्ही एकाच दिवशी होईल का हे आधीच विचारा, एक फेरी वाचेल.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांचं तोंड कमी उघडू शकतं, त्यांनी घरीच बघावं: तोंडात तीन बोटं उभी मावतात का? ही दुर्बीण साध्या एंडोस्कोपीपेक्षा जाड आणि टोकाला ताठ असते. तोंड उघडत नसेल तर टेबलावरून परत यावं लागतं.

जेवण ६ ते ८ तास बंद, साधं पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालतं. सिकलसेल असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा, शरीर कोरडं पडलं की क्रायसिसची, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र वेदनांच्या झटक्याची भीती. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. सुईने तुकडा घ्यायचा असेल तर ती किती दिवस थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील.

गुंगीचं इंजेक्शन असतं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. नंतर पोट जोरात दुखलं, ताप आला किंवा काळी शौच झाली तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका.