शोध कुठून सुरू करावा: गूगल स्कॉलर की ग्रंथालयाचं पोर्टल?

ग्रंथकट्टा, छ. संभाजीनगर (धागाकर्ता)
१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तरीही आपल्याकडचे बरेच प्राध्यापक गूगल स्कॉलर या लेख शोधायच्या मोफत यंत्रावर शोधतात आणि पीडीएफ दिसली नाही की 'आपल्याकडे नाही' म्हणून मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात ग्रंथालयाच्या पोर्टलवरूनच व्हावी. स्कॉलरमध्ये ठरावीक विषयशीर्षकं (लेखांना विषयवार लावलेली ठरलेली नावं) नाहीत, एका शोधाचे १,००० च्या पुढचे निकाल दिसत नाहीत, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेखही चांगल्या लेखांच्या रांगेत येतात.

रसायनवाला, नांदेड
सर, हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं. पोर्टलवर जायचं तर लेख कुठल्या प्रकाशकाकडे, म्हणजे एल्सेव्हियरकडे आहे, वायलीकडे की सेजकडे हे आधी ठाऊक हवं. स्कॉलर सगळीकडचं एकदम दाखवतं. अडतं ते पुढं, लेख उघडताना. प्रकाशक आपल्याला ओळखतो तो कॅम्पसच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. वायफाय मंद म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, की ग्रंथालयात बसूनही आपण त्याच्या लेखी बाहेरचे, आणि समोर किंमत येते.
अशा वेळी लेखाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय शोधा, फेडरेशन म्हणून 'इन्फेड' (भारतीय संस्थांची सामाईक लॉगिन व्यवस्था) निवडा, मग संस्थेचं नाव, मग आपला आयडी. हा आयडी संस्थेनं दिलेला असावा लागतो. जीमेलचा पासवर्ड टाकून उपयोग नाही. तेही जमलं नाही तर स्कॉलरमध्ये निकालाखालच्या 'सर्व आवृत्त्या' उघडा. लेखकानं स्वतः ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथं मिळते.

कापूस-तूर, परभणी
लोक कुठं हुडकायलेत यापेक्षा काय टाइप करायलेत ते बघा. नुसतं 'औरंगाबाद' टाकलं की बिहारचा जिल्हाही येतो. वजाचं चिन्ह लावून 'बिहार' वगळू नका, दोन्ही राज्यांची तुलना करणारे लेखही गळतात. त्यापेक्षा 'मराठवाडा' शब्द जोडा. २०२३ नंतरच्या लेखांसाठी 'छत्रपती संभाजीनगर' आणि 'धाराशिव' ही नावं जुन्या नावांसोबत 'ऑर'नं (इंग्रजी OR, म्हणजे 'किंवा') जोडावी लागतात. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप काही लेखांत 'लातूर' आहे, काहींत 'किल्लारी'. आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध नुसते शोधगंगेत, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघून थांबू नका, कृषिकोश हा शेतीविषयक संग्रह उघडा.

इतिहासविभाग, लातूर
वरची सगळी चर्चा इंग्रजी लेखांपुरती आहे. शोधगंगेतले कितीतरी मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा युनिकोडपूर्व (देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवणाऱ्या जुन्या) फॉन्टमधले आहेत. पानावर 'कुळकायदा' दिसतं, पण यंत्राला ती वेडीवाकडी रोमन अक्षरं वाटतात. मजकुरात शोधून शून्य निकाल. म्हणून शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडून शोधा, नाहीतर विद्यापीठ, मग विभाग अशी यादीच चाळा. वेळ जातो, पण सापडतं.
१९४८ पूर्वीचा मराठवाडा तर 'मराठवाडा' या शब्दाखाली फारसा येतच नाही. १९३१ ची जनगणना हवी तर 'हैदराबाद स्टेट' किंवा 'निझाम्स डोमिनियन्स' शोधा. दप्तर बरंचसं हैदराबादच्या अभिलेखागारात, तेही उर्दू-फारसीत. तिथं पोर्टलही कामाचं नाही आणि स्कॉलरही.

ग्रंथकट्टा, छ. संभाजीनगर
आयपीचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण पद्धतशीर आढाव्याचं, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीनं गोळा करून तपासण्याचं काय? 'प्रिझ्मा २०२०' या आढावा-लेखनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक डेटाबेसमधलं शोधसूत्र जसंच्या तसं द्यावं लागतं, आणि दुसऱ्याला ते पुन्हा चालवता यायला हवं. स्कॉलरचे निकाल बदलत राहतात. औषधशास्त्र, वैद्यक यांना पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस मोफत आहे, 'मेश' या ठरावीक विषयशीर्षकांसकट. त्यांनी स्कॉलरवर का विसंबावं?

रसायनवाला, नांदेड
आढाव्यासाठी पबमेड, मान्य. रोजच्या एका लेखासाठी नाही. अजून एक: 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांची आहे. खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत आधी ग्रंथपालांकडून एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिकं व ई-पुस्तकांच्या योजनेचं) खातं सुरू करून घ्या. आणि एका रात्रीत शेकडो पीडीएफ सॉफ्टवेअर लावून उतरवू नका. प्रकाशक त्या एका माणसाला नाही, अख्ख्या संस्थेला बंद करतो.